दोन तासांवरचे घर आणि शहरावरचा आमचा हक्क

‘स्टेशनपासून पाच मिनिटांवर स्वतःचे घर’ अशा जाहिराती मुंबईच्या लोकलच्या डब्यात आणि फलाटांवर बारमाही झळकत असतात. स्टेशन कोणते, हे मात्र खाली बारीक अक्षरात असते. बदलापूर, वांगणी, टिटवाळा, नालासोपारा, विरार! या जाहिराती वाचणारा वर्ग कोणता? वरळी-नायगावच्या चाळीत, घाटकोपर-चेंबूरच्या वस्त्यांत ज्यांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या आणि जे आता बँकेत, इस्पितळात, मंत्रालयात किंवा खाजगी कंपनीत नोकरीला लागले, तो आमचा तरुण वर्ग त्यात मोठ्या संख्येने आहे. गृहकर्ज मिळेल एवढा पगार त्याच्या घराण्यात प्रथमच त्याच्या हाती आला आहे. त्यामुळे नोकरी मुंबईत, मग घर कुठे घ्यावे, ही चर्चा आज घरोघरी चालू आहे. हा ज्याच्या त्याच्या खाजगी व्यवहाराचा प्रश्न आहे असे समजून चळवळीने त्याकडे पाठ फिरवू नये, असे आमचे मत आहे.

इतर समाजाचा माणूस घर घेताना दोन गोष्टींचा हिशेब करतो. एक किंमत, दुसरे अंतर. आमच्या माणसाच्या वहीत तिसरा रकाना असतो. तिथे आपल्याला घेतील का? हा तिसरा रकाना कोणी उघडपणे लिहीत नाही, पण पुष्कळदा शेवटचा निर्णय तोच करतो. वकिली व्यवसायात अशी कुटुंबे आमच्याकडे नेहमी येतात. फोनवर सर्व ठरते, भाव ठरतो, घर पाहायची वेळ ठरते. मग विचारले जाते, आडनाव काय? आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव कोणते? तेवढ्यानेही भागले नाही तर, तुम्ही व्हेज की नॉनव्हेज? आणि दुसऱ्या दिवशी निरोप येतो की मालकाचा विचार बदलला. असे दोन-तीनदा झाले की नवरा-बायको आपसात ठरवतात, नको ती कटकट, आपण लांबच घेऊ. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की यांनी स्वस्त घर निवडले. वस्तुतः यांना निवड करूच दिलेली नसते.

हा अनुभव नवा नाही. १९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोद्याच्या नोकरीवर रुजू झालेल्या बाबासाहेबांना त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही. नाव बदलून एका पारशी विश्रामगृहात आसरा घ्यावा लागला आणि लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तिथूनही बाहेर काढले. आज लाठ्यांची गरज उरलेली नाही. फोन न उचलणे पुरते. २०१५ मध्ये डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांविषयी केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय नावाने विचारणा केली तर होकार आणि दलित वा मुस्लिम नावाने केली तर नकार किंवा जाचक अटी, हे त्यातून पुढे आले. तो अभ्यास भाड्याच्या घरांचा आणि दिल्लीचा असला, तरी विकत घर घेणाऱ्या मुंबईकराला त्यात आपलाच अनुभव दिसेल.

आता अंतराचा हिशेब मांडू. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कल्याण ५४ किलोमीटर, बदलापूर ६८ आणि कर्जत १०० किलोमीटर. चर्चगेटपासून विरार ६०. घराच्या दारापासून कामाच्या जागेपर्यंत जायला दोन तास आणि परत यायला दोन तास धरले, तर वर्षातल्या ३०० कामाच्या दिवसांचे १२०० तास होतात. म्हणजे पन्नास दिवस आणि पन्नास रात्री! दरवर्षी एवढे आयुष्य रेल्वेच्या डब्यात उभे राहून संपते. हे तास कोणाचे होते? मुलाच्या अभ्यासाचे, बायकोच्या विश्रांतीचे, विहारातल्या बैठकीचे आणि वाचनाचे होते. आमच्या कार्यकर्त्यांच्या बैठकांना तरुण येत नाहीत अशी तक्रार नेते करतात. तो तरुण रात्री साडेनऊला बदलापूरला उतरतो, हे त्यांनी लक्षात घ्यावे. नोकरी करणाऱ्या आमच्या भगिनींचे हाल तर याहून वाईट. त्यांना घरी पोहोचल्यावर चूल वाट पाहत असते.

आणि प्रश्न केवळ वेळेचाही नाही. कोरोनाची दोन वर्षे वगळली तर मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरण पावतात. रूळ ओलांडताना मरतात, गर्दीच्या डब्यातून पडून मरतात. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी चालत्या गाड्यांतून रुळांवर पडले आणि त्यांत काहींचे प्राण गेले. घराच्या किमतीत ही जोखीम कोणताही बिल्डर लिहीत नाही.

लांबचे घर निदान पक्के तरी असते का? २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवली परिसरातील ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. बनावट कागदपत्रांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवून ही घरे विकली गेली होती. २०२५ च्या सुरुवातीला नालासोपाऱ्यात आरक्षित जमिनीवरच्या ४१ इमारती जमीनदोस्त झाल्या आणि शेकडो कुटुंबे रस्त्यावर आली. बांधले दुसऱ्यांनी, बुडाले राहणारे. म्हणून आमचे सांगणे आहे की घर घेताना नुसता महारेराचा क्रमांक पाहून समाधान मानू नये. तो क्रमांक संकेतस्थळावर तपासावा, आणि बांधकाम परवानगी खरी आहे का, हे महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन पाहावे. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार विक्रीचा नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. तो जास्त मागत असेल तर तिथून उठावे.

आता तिसऱ्या रकान्याकडे वळू. कायदा काय म्हणतो? संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते यांचा उल्लेख आहे, खाजगी घराचा नाही. १५ एप्रिल २००५ रोजी, भीमजयंतीच्या दुसऱ्याच दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सदस्यत्व एकाच समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला. या निकालाचा आधार घेऊन उद्या कोणीही आपल्या सोसायटीच्या फाटकावर जातीची पाटी लावू शकेल, अशी भीती वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आमच्या हाती काहीच नाही, हेही खरे नाही.

१९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याचे कलम ४ वाचावे. कोणत्याही वस्तीत राहते घर बांधण्यास, मिळवण्यास किंवा तिथे राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हा त्याखाली गुन्हा आहे. तो दखलपात्र आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. कलम १२ त्याहून महत्त्वाचे. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल तर ते कृत्य अस्पृश्यतेपोटीच घडले, असे न्यायालय गृहीत धरते आणि तसे नव्हते हे दुसऱ्या बाजूला सिद्ध करावे लागते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा समावेश अनुसूचित जातींच्या आदेशात झालेला असल्याने हे संरक्षण आम्हालाही आहे. घराच्या नकारासाठी हे कलम किती जणांनी वापरले? फार थोड्यांनी. कारण नकार तोंडी असतो आणि आम्ही तो मुकाट्याने गिळतो.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नेही खुल्या सदस्यत्वाचे तत्त्व मान्य केले आहे. पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही. अर्ज केल्यावर तीन महिन्यांत संस्थेने निर्णय कळवलाच नाही, तर अर्जदार सदस्य झाला असे मानले जाते. नकार आला तर निबंधकाकडे अपील करता येते. आदर्श उपविधींनुसार घर विकताना संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र बंधनकारक नाही. महापालिका क्षेत्रात हस्तांतरण शुल्काला २५ हजार रुपयांची मर्यादा आहे. तेव्हा चेअरमन काय म्हणतो हे ऐकून परत फिरू नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा, मोबाइलवर आलेले संदेश जपून ठेवा. कागद नसेल तर कायदा मुका असतो.

आमच्यातील काही मंडळी म्हणतात, हे भांडण कशाला? आपल्या माणसांतच राहावे, विहार जवळ असावा. या म्हणण्यात तथ्य आहे, आम्ही ते हसण्यावारी नेत नाही. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेत स्वतंत्र वसाहतींचा ठराव झाला होता, याचीही आठवण करून दिली जाते. परंतु तो ठराव जमीन मागणारा होता. गावगाड्याच्या गुलामीतून सुटून स्वतःच्या बळावर उभे राहण्यासाठी होता. बिल्डरने शहराच्या टोकाला उभ्या केलेल्या इमारतीत नकाराला कंटाळून जाऊन राहणे आणि स्वतंत्र वसाहत यांची बरोबरी होऊ शकत नाही. आपल्या माणसांजवळ जरूर राहावे, पण ते आपल्या मर्जीने.

म्हणूनच शहराच्या पोटात असलेल्या जागा हातच्या जाऊ देऊ नयेत. वरळीच्या बीडीडी चाळीतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांची घरे मिळाली. अशी घरे विकून लांब मोठे घर घेण्याचा सल्ला देणारे दलाल उद्या दारात उभे राहतील. तीन पिढ्यांनी टिकवलेली जागा एका सहीने घालवू नये. म्हाडाच्या सोडतीत अनुसूचित जातींसाठी ११ टक्के घरे राखीव असतात आणि सोडतीत आडनाव विचारून कोणी नकार देत नाही. जातीचा दाखला व इतर कागद आजच तयार ठेवावेत. आणि घर पत्नीच्या नावे करावे. महाराष्ट्रात २०२१ पासून महिलेच्या नावे खरेदी केल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. सवलत नसती तरी हेच सांगितले असते. हिंदू कोड बिलासाठी ज्यांनी मंत्रिपद सोडले त्यांचे आम्ही अनुयायी आहोत.

परळच्या बीआयटी चाळीत वर्षानुवर्षे राहिल्यावर बाबासाहेबांनी १९३० च्या दशकात घर बांधले ते दादरच्या हिंदू कॉलनीत. ग्रंथांना जागा हवी होती. शेजार कोणाचा आहे हे पाहून ते शहराबाहेर गेले नाहीत. ‘राजगृह’ आजही तिथे उभे आहे. आमच्या तरुणांनी घराचा नकाशा पाहताना एवढे ध्यानात ठेवावे. परवडत नाही म्हणून लांब जावे लागले तर त्यात कमीपणा नाही. पण कोणी घेत नाही म्हणून लांब जाऊ नका. त्या नकाराची लेखी नोंद करा आणि तो घेऊन निबंधकाच्या दारात, पोलीस ठाण्यात, न्यायालयात उभे राहा. हे शहर आमच्या बापजाद्यांनी गिरण्यांत, गोदीत आणि गटारात राबून उभे केले आहे. त्यातली जागा आम्ही दाम मोजून घेत आहोत, कोणाची मेहरबानी मागत नाही.

जयभीम!