पॉप्लरचा डेरा व त्याचें कूळ

पंजाब, हरियाणा व पश्चिम उत्तर प्रदेश येथील शेतकरी गव्हाच्या शेतांत पॉप्लर लावतो, तेव्हां रोपाच्या उंचीची चौकशी करतो, फांद्यांची फारशी करीत नाहीं. आमच्या मतें येथेंच चूक होते. पॉप्लर हिवाळ्यांत पानें गाळतो म्हणून त्याखालीं गहूं साधतो. परंतु फाल्गुनांत पालवी फुटली म्हणजे पसरट डेऱ्याची सावली दाणा भरणाऱ्या ओंब्यांवर पडते. शिवाय जाड फांदीची गांठ लांकडांत राहिली कीं प्लायवुडच्या कारखान्यांत भाव उतरतो.

जमीन, ऊन, दोन झाडांमधील अंतर व छाटणी यांचा डेऱ्याशीं संबंध आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण मूळ आंखणी वंशाची असते. लोंबार्डीचा खांबासारखा सरळ पॉप्लर पाहा. अठराव्या शतकांत त्या नरझाडाचीं छाटकलमें युरोपभर गेलीं. देश बदलले, घाट बदलला नाहीं. अमेरिकेच्या पश्चिम भागांतील ट्रायकोकार्पा जातीचे कांहीं डोळे विश्रांति न घेतां त्याच हंगामांत फुटतात, म्हणून तिला कोंवळेपणींच फांद्या येतात. डेल्टॉइडीस जातींत हें कमी आढळतें. २००६ सालीं ट्रायकोकार्पाची संपूर्ण जनुकसंहिता प्रसिद्ध झाली. वृक्षांमध्यें ती पहिलीच. डोळे दाबून ठेवणारें स्ट्रायगोलॅक्टोन द्रव्य घडविणारीं जनुकें प्रयोगांत मंद करतांच संकरित पॉप्लरला अधिक फांद्या फुटल्या.

तात्पर्य, वंशांत जें आहे त्याच्याशीं कोयत्यानें दरवर्षीं झगडण्यापेक्षां लावणीपूर्वींच कूळ विचारावें. झाड विकण्याजोगें होण्यास सहा-सात वर्षें लागतात. तेव्हां चूक कळून उपयोग काय? रोपवाटिकेनें प्रत्येक जुडीवर वाणाचें नांव लिहावें, व शेतकऱ्यानें तें नसल्यास रोप घेऊं नये.

मात्र उत्तम डेऱ्याचा एकच वाण गांवोगांव लावावा, असें आमचें म्हणणें नाहीं. एका झाडाचीं सारीं कलमें रूपानें एक, तशींच रोगासमोरही एक. एकास बाधलें तें सर्वांस बाधेल. दोन-चार पारखलेले वाण मिसळून लावणें शहाणपणाचें.

दक्षिणेंतील उष्ण मैदानांत पॉप्लर लावण्याची शिफारस आम्ही करीत नाहीं. परंतु कोंकणांतील बागाईतदार हापूसची कोय न लावतां कलम कां लावतो, हें ज्यांस ठाऊक आहे, त्या आमच्या वाचकांस या प्रश्नाचें मर्म निराळें सांगावयास नको.