जुन्या फोर बाय फोरला किती पैसे द्यावेत?

घरात जुनी जीप घ्यायची टूम निघाली की दोन पक्ष पडतात. एकाला जिप्सीचं किंवा थारचं वेड असतं. दुसरा म्हणतो, "एवढ्या पैशांत चांगली छोटी गाडी येईल." वाद रंगतो तो गाडी घ्यावी की नाही यावर. पैसे मात्र दुसऱ्याच प्रश्नावर जातात: घ्यायचीच तर किती द्यायचे? या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा विकणाराच देऊन टाकतो. तो सहा लाख म्हणतो, आपण साडेपाच म्हणतो, पावणेसहाला हातावर हात पडतो. पंचवीस हजार वाचले म्हणून आपण खूश, आणि दोन महिन्यांत गॅरेजचं लाखभराचं बिल हातात.

जुन्या गाडीला कर्ज देताना बहुतेक बँका गाडीच्या वयाची मर्यादा घालतात. त्यामुळे हे पैसे सहसा घरच्या शिलकीतून जातात. म्हणून आकडा गाडीसमोर उभं राहून नाही, घरी कागदावर काढायचा. कसा, ते आज पाहू.

भाव कुठून धरायचा?

मारुती जिप्सी १९८५ च्या डिसेंबरमध्ये बाजारात आली, १९९६ मध्ये तिला १.३ लिटरचं इंजिन मिळालं आणि २०१८ च्या सुमारास तिचं उत्पादन सामान्य ग्राहकांसाठी थांबलं. महिंद्राची पहिली थार २०१० ची. २०२० मध्ये पूर्ण नवी थार आली आणि जुनी मागे पडली. अशा बंद झालेल्या गाड्यांना हौशी लोकांची मागणी असते. इतर गाड्यांचे भाव वर्षागणिक उतरतात, यांचे तितके उतरत नाहीत. विकणाऱ्याला हे ठाऊक असतं.

तुम्हाला हवं तेच मॉडेल, तेच इंजिन, साधारण तेच वर्ष असलेल्या पाच-सहा जाहिराती काढा. सगळ्यात महाग आणि सगळ्यात स्वस्त बाजूला ठेवा, उरलेल्यांची सरासरी घ्या. लक्षात असू द्या, हा मागितलेला भाव आहे, मिळालेला नाही. या गाड्या दुरुस्त करणाऱ्या गॅरेजमध्ये जाऊन "अशी गाडी खरंच केवढ्याला जाते?" असं विचारलं की खरा आकडा कळतो. तो बहुधा जाहिरातीपेक्षा खाली असतो.

वरची मर्यादाही आखून घ्या. २०२० नंतरची थार किंवा २०२३ मध्ये आलेली जिम्नी सेकंडहँडमध्ये केवढ्याला मिळते ते पाहा. जुन्या गाडीची मागणी, अधिक तिची दुरुस्ती, हा आकडा त्याच्या जवळ जात असेल तर जुनीच का घ्यायची याचं घरात नीट उत्तर असायला हवं.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा: चारही चाकांना ताकद लागते असा रस्ता वर्षात किती दिवस तुमच्या वाट्याला येतो? कुर्गमधला कॉफीचा मळा, उत्तराखंडातलं डोंगरावरचं घर, कोकणातली पावसाळ्यातली पाणंद असेल तर जास्तीचे पैसे वसूल होतात. वर्षातून दोन सहली असतील, तर तुम्ही त्या जास्तीच्या लिव्हरचे पैसे देताय, आणि त्याची देखभालही पुढे तुमच्याच गळ्यात.

फोर बाय फोर खरंच चालते का?

मागच्या दारावरचं '४ बाय ४' हे स्टिकर कुठेही मिळतं. बोलेरो, स्कॉर्पिओ, जुनी थार यांच्या दोन चाकांवर चालणाऱ्या आवृत्त्याही निघाल्या आहेत. म्हणून आरसीवरचं मॉडेल बघा, मग गाडीखाली वाकून पुढच्या ॲक्सलकडे जाणारा शाफ्ट आहे ना ते पाहा. कधीकधी बिघाड झाल्यावर तो शाफ्ट काढून ठेवलेला असतो आणि गाडी नुसत्या मागच्या चाकांवर फिरत असते.

चाचणी मऊ मातीत, वाळूत किंवा चिखलात घ्या, कोरड्या डांबरी रस्त्यावर नाही. या जुन्या गाड्यांत फोर बाय फोर टाकलं की पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना घट्ट जोडले जातात. वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं. माती असेल तर चाक थोडं घसरून ताण निघून जातो. कोरड्या डांबरावर तो ताण शाफ्टवर आणि गिअरवर येतो. विकणारा स्वतःच हायवेवर फोर बाय फोर टाकून दाखवू लागला, तर आजवर गाडी कशी वापरली गेली याचा अंदाज घ्या.

'४ हाय' आणि '४ लो' दोन्ही टाकून बघा. लिव्हर अडकतो का, सुटून परत येतो का, खडखड होते का? काही जुन्या गाड्यांत पुढच्या चाकांच्या मधोमध हाताने फिरवायचं लॉक असतं. ते फिरतं का पाहा. ही यंत्रणा चालत नसेल, तर भाव दोन चाकांच्या गाडीचा धरायचा आणि त्यातून दुरुस्तीही वजा करायची.

वजाबाकीची यादी

गाडी बघायला जाताना "इंजिन आधी गरम करून ठेवू नका" असं सांगून जा. थंड इंजिन सुरू करताना बरंच काही कळतं. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा धूर बराच वेळ थांबत नसेल, किंवा डिझेल गाडी खूप काळा धूर सोडत असेल, तर मेकॅनिकचं मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग गाडीखाली. या गाड्यांची बॉडी वेगळ्या लोखंडी चासीवर बसवलेली असते. गंजलेला दरवाजा बदलता येतो, चासी कुजली तर सगळंच संपलं. गोवा, कोकण, केरळच्या किनाऱ्यावरच्या गाडीत हे जास्त बारकाईने बघा. नुकताच मारलेला काळा रंग दिसला तर स्क्रू ड्रायव्हरच्या मागच्या टोकाने ठोकून पाहा. वेल्डिंगच्या खुणा, तुटलेले पाटे, ऑइलचे डाग मेकॅनिकला दाखवा. सतरंजीखाली वाळलेला चिखल किंवा पाण्याची रेघ असेल, तर गाडी पुरात उभी राहिलेली असू शकते.

टायरवर चार आकडे एकत्र छापलेले असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. खाच भरपूर असली तरी जुनं रबर कडक होतं. चारही टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. वेगवेगळे असतील तर फोर बाय फोरच्या गिअरवर विनाकारण ताण येतो.

आता हिशेब. खालचे आकडे फक्त पद्धत समजण्यासाठी आहेत, तुमच्या गावातल्या गॅरेजचे आकडे त्या जागी भरा. समजा, चांगल्या स्थितीतल्या तशा गाडीचा खरा भाव ६,००,००० रुपये निघाला.

पाच टायर: ४०,०००
क्लच: २५,०००
पाटे, बुश, स्टिअरिंगचं काम: २५,०००
नाव बदलणं आणि विमा: २०,०००
न दिसलेल्या बिघाडांसाठी राखीव: ५०,०००

एकूण १,६०,०००. म्हणजे तुमचा शेवटचा आकडा ४,४०,०००. बोलणी याच्या खालून सुरू करायची आणि इथे थांबायचं. एक सांभाळा: जाहिरातीतल्या गाड्याही थोड्या झिजलेल्याच असतात. सर्वसाधारण झीज भावात धरलेली असते, ती पुन्हा वजा केली तर विकणारा तुम्हाला दारातूनच परत पाठवेल, आणि त्याचं चूक नसेल. राखीव रकमेवर मात्र तडजोड नको. जुनी गाडी काही ना काही मागतेच.

कागदांचीही किंमत असते

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. १ एप्रिल २०२२ पासून दिल्ली वगळता देशभर खासगी चारचाकीची ही फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये ती आणखी वाढली. काही राज्यांत हरित कर वेगळा. २०१४ मध्ये नोंदलेल्या गाडीची १५ वर्षं २०२९ मध्ये भरतात. तुमचा शेवटचा आकडा त्या उरलेल्या वर्षांनी भागा. वर्षाला किती पडतं हे कळलं की घरातला वाद बराच शांत होतो.

आरसीवरचा चासी नंबर आणि गाडीवर ठोकलेला नंबर एकच आहे का ते स्वतः वाचा. परिवहनच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर गाडीचा नंबर टाकून मालकाचं नाव, विमा, बँकेचा बोजा आणि थकलेले ई-चलान बघा. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. "मालक परदेशात आहेत, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून ठेवल्यात" असं कोणी सांगितलं, तर त्या गाडीची किंमत तुमच्यासाठी शून्य समजा. आरसीवर ज्याचं नाव, त्याच्याशीच व्यवहार.

जुन्या जीपवर हौसेने बरेच बदल केलेले असतात. मोठे टायर, दुसरं इंजिन, लोखंडी छत. विकणारा म्हणतो, "यावरच दीड लाख खर्च केलाय." कायद्याने गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाहीत, आणि परवानगीने केलेला बदल आरसीवर चढवावा लागतो. नोंद नसलेला बदल नूतनीकरणाच्या वेळी काढायला लागू शकतो, अपघातानंतर विम्याचा दावाही अडू शकतो. अशा बदलाचे पैसे वाढवायचे नाहीत, उलट तो काढायचा खर्च यादीत लिहायचा.

विम्याचंही पाहा. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची विम्यातली किंमत, म्हणजे आयडीव्ही, मालक आणि कंपनीच्या संमतीने ठरते. तेव्हा "विम्यात सात लाख लिहिलेत" हा बाजारभावाचा पुरावा होत नाही. आणि विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस त्याचाच असतो, तो गाडीबरोबर येत नाही.

दिल्लीची गाडी स्वस्त का?

दिल्ली आणि आसपासच्या जिल्ह्यांत १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती मान्य केली. त्यानंतर या नियमांत बदल होत आले आहेत, म्हणून ताजी स्थिती तपासूनच पुढे जा. तिथल्या डिझेल जीप त्यामुळे बाहेरच्या राज्यांत कमी भावात येतात. पण इंदूरला किंवा हैदराबादला आणायची तर जुन्या आरटीओची एनओसी, नव्या राज्याचा रोड टॅक्स, नवा नंबर, आणायचं डिझेल, एजंटचे पैसे, हे सगळं आलं. आधी तुमच्या आरटीओत जाऊन त्या वयाची आणि त्या प्रदूषण मानकाची गाडी नोंदवून घेतात का, टॅक्स किती बसेल, हे विचारा. लाखभर स्वस्त मिळालेली गाडी दारात येईपर्यंत तेवढीच महाग झालेली असते.

जे पैशांनी दुरुस्त होत नाही

जिप्सीत आणि २०२० पूर्वीच्या थारमध्ये मागची आसनं बहुधा आडवी, समोरासमोर असतात. एअरबॅग नाहीत. अशा बाकावर लहान मुलाची सीट नीट बसवता येत नाही. नव्या थारला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत चार तारे मिळाले. तो फरक जुन्या गाडीत कुठलंही गॅरेज भरून देऊ शकत नाही. घरातली मुलं आणि आजी-आजोबा रोज मागे बसणार असतील, तर भाव कितीही पाडून मिळाला तरी ही गाडी तुमच्यासाठी महागच. शेतावर जायला, दुसरी गाडी म्हणून घेत असाल, तर गोष्ट वेगळी.

बोलणीच्या दिवशी यादी कागदावर घेऊन जा आणि विकणाऱ्यापुढे ठेवा. "गाडी वाईट आहे" म्हणू नका, त्याचाही तिच्यावर जीव असतो. "हे टायर, हा क्लच, हे पाटे, त्यामुळे मला एवढेच परवडतात" इतकंच सांगा. पटलं तर विसार द्या, पावती घ्या, बाकी रक्कम नाव बदलायचे कागद आरटीओत जमा होताना बँकेमार्फत. नाही पटलं तर नमस्कार करून निघा, आणि पुढच्या गाडीसाठी नव्या कागदावर नवी यादी करा.