विकत घेतले तरी आपले नव्हते : फ्रीहँड ते क्रिएटिव्ह क्लाउड

धागा मोठा आहे, सवडीने वाचावा. गडकोट, ताम्रपट आणि बखरी सोडून आज संगणकावरील मांडणीच्या आणि रेखाटनाच्या सॉफ्टवेअरविषयी लिहितो आहे. विषय आडवळणाचा वाटेल. पण १९९० नंतरच्या महाराष्ट्राने छापलेले दिवाळी अंक, लग्नपत्रिका, प्रचारपत्रके आणि स्मरणिका बहुतांशी याच सॉफ्टवेअरमधून बाहेर पडल्या. या काळाचा इतिहास पुढे कोणी लिहू लागेल, तेव्हा छापील कागद त्याच्या हाती येईलही. त्या कागदामागची मूळ फाइल उघडेल का, याची मात्र खात्री देता येत नाही.

या बाबतीत एक सोपी कथा सर्वत्र सांगितली जाते. पूर्वी सॉफ्टवेअर खोक्यात विकत मिळे आणि ते कायमचे आपले होई. मग ६ मे २०१३ रोजी अ‍ॅडोबीने जाहीर केले, की यापुढे नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीवर मिळतील. आणि त्या दिवसापासून कारागीर मालकाचा भाडेकरू झाला. ही कथा अर्धीच खरी आहे, असे माझे मत आहे. उरलेले अर्धे समजण्यासाठी फ्रीहँडची हकीकत पाहावी लागते.

फ्रीहँड हे रेखाचित्रांचे सॉफ्टवेअर. आल्टसिस कंपनीने ते घडवले आणि १९८८ साली आल्डसने बाजारात आणले. हीच आल्डस कंपनी १९८५ पासून मॅकिंटॉशसाठी पेजमेकर विकत होती, आणि ‘डेस्कटॉप पब्लिशिंग’ हा शब्द रूढ करण्याचे श्रेय तिचे संस्थापक पॉल ब्रेनर्ड यांना दिले जाते. आपल्याकडच्या गल्लोगल्लीच्या ‘डीटीपी’ पाट्यांचे मूळ तेथे आहे. अ‍ॅडोबीचे इलस्ट्रेटर १९८७ चे. दोघांत खरी चुरस होती. फ्रीहँडमध्ये एकाच फाइलीत अनेक पाने ठेवता येत; इलस्ट्रेटरला तशी सोय २००८ साली, सीएस४ मध्ये मिळाली.

१९९४ साली अ‍ॅडोबीने आल्डस घेतली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तेव्हा हरकत घेतली, कारण दोन्ही प्रतिस्पर्धी एकाच घरात गेले असते. फ्रीहँड आल्टसिसकडे परत गेले आणि अ‍ॅडोबीवर अट पडली, की पुढील दहा वर्षे आयोगाच्या पूर्वपरवानगीशिवाय व्यावसायिक रेखाटनाचे दुसरे सॉफ्टवेअर घ्यायचे नाही. आल्टसिस लवकरच मॅक्रोमीडियाच्या पोटात गेली. दहा वर्षे सरली आणि २००५ साली अ‍ॅडोबीने मॅक्रोमीडियाच विकत घेतली. कालगणना जुळवून पाहणाऱ्यांनी ती अवश्य जुळवावी. मी येथे हेतूंचा निवाडा करीत नाही. मे २००७ मध्ये अ‍ॅडोबीने सांगितले, की फ्रीहँडचा पुढील विकास होणार नाही. २००३ ची एमएक्स ही आवृत्ती शेवटची ठरली.

आता वाचकाने येथे थांबून विचारावे : ज्यांनी एमएक्स रीतसर विकत घेतली होती त्यांचे काय बिघडले? परवाना कायमचा होता, तबकडी कपाटात होती, वर्गणी नव्हती.

बिघाड दुसऱ्या दाराने आला. अ‍ॅपलने २००६ पासून आपल्या संगणकांत पॉवरपीसीच्या जागी इंटेलचे प्रोसेसर बसवले. जुनी सॉफ्टवेअर्स चालावीत म्हणून ‘रोझेटा’ नावाचा दुभाषा सोबत दिला. फ्रीहँड त्या दुभाष्याच्या आधारे जगत होते. जुलै २०११ मध्ये मॅक ओएस १०.७ आले आणि रोझेटा काढून टाकण्यात आला. परवान्यातील एकही अक्षर न बदलता मॅकवरचे फ्रीहँड मेले. त्याच वर्षी वापरकर्त्यांच्या ‘फ्री फ्रीहँड’ या संघटनेने अ‍ॅडोबीवर मक्तेदारीविरोधी दावा लावला. २०१२ मध्ये तडजोड झाली. सदस्यांना अ‍ॅडोबीच्या उत्पादनांवर सवलत मिळाली आणि इलस्ट्रेटरच्या सुधारणांत त्यांच्या सूचना ऐकण्याचे आश्वासन मिळाले. फ्रीहँड काही मिळाले नाही.

म्हणून माझे म्हणणे असे, की ‘कायमचा परवाना’ ही त्या काळीही एक समजूतच होती. वतनाची सनद हातात असावी आणि वतनाच्या गावाचा रस्ताच नाहीसा व्हावा, तशातला प्रकार. परवाना देणारी कंपनी एक, यंत्र घडवणारी दुसरी, आणि वापरकर्ता दोघांच्या मधोमध. ऑटोकॅडने नव्वदच्या दशकात मॅककडे पाठ फिरवली ती २०१० पर्यंत. अ‍ॅडोबीच्याच प्रीमियरने २००३ मध्ये मॅक सोडला आणि २००७ मध्ये पुन्हा धरला. फ्रेममेकर २००४ मध्ये मॅकवरून गेले, ते परतलेच नाही.

वर्गणीच्या बाजूनेही बोलले पाहिजे. एकतर्फी कैफियत लिहिणे इतिहासाच्या विद्यार्थ्याला शोभत नाही. सीएस६ च्या संपूर्ण संचाची किंमत २,५९९ डॉलर होती. ती आपल्याकडच्या किती डीटीपी केंद्रांनी मोजली, हे ज्याने तो काळ पाहिला आहे त्याला विचारावे, तो हसेल. शिवाय जुना परवाना विंडोजसाठी वेगळा आणि मॅकसाठी वेगळा असे. क्रिएटिव्ह क्लाउडची एक वर्गणी दोन्हीकडे चालते. शिकाऊ मुलाला एका महिन्याचे पैसे भरून खरे सॉफ्टवेअर उघडता येते. हा लाभ लहान नाही.

तरीही मराठी वाचकाला खटकावी अशी एक गोष्ट या स्थित्यंतरात दडलेली आहे.

युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्थान होते. पेजमेकरला मात्र शेवटपर्यंत, म्हणजे २००१ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत, युनिकोड कळले नाही. म्हणून मराठीची अक्षरजुळणी खास फाँट वापरून होई. पडद्यावर ‘क’ दिसे. संगणकाच्या लेखी ते रोमन संचातील कोणते तरी चिन्ह असे. प्रत्येक फाँट-कंपनीची जुळणी निराळी. काही संचांसोबत डोंगल येई, ते संगणकाला लावल्याशिवाय काम होत नसे. फाँट नसेल तर मजकूर म्हणजे निरर्थक रोमन चिन्हांची रास.

अ‍ॅडोबीच्या इनडिझाइनमध्ये मराठीसह दहा भारतीय भाषांसाठी अधिकृत सोय आली ती सीएस६ मध्ये, २०१२ साली. शब्दकोश आला, जोडाक्षरे नीट बसू लागली, अ‍ॅडोबी देवनागरी हा टंकही सोबत आला. आणि नेमकी हीच आवृत्ती विकत मिळणारी शेवटची आवृत्ती ठरली! आपली लिपी दाराशी पोहोचली तेव्हा विक्रीचा गल्ला बंद होत होता. पुढे २०१९ मध्ये मॅक ओएसच्या कॅटालिना आवृत्तीने ३२-बिट सॉफ्टवेअर चालवणे थांबवले. इनडिझाइन सीएस६ त्याच प्रकारातले. म्हणजे मॅकवाल्या मराठी मुद्रकाला त्या खरेदीचा उपयोग, नवे यंत्र घेईपर्यंतचाच. विंडोजवर ते अधिक काळ टिकले, हे नोंदवले पाहिजे.

वर्गणीने जे नवे आणले ते वेगळे आहे, आणि तेथे मी टीकाकारांच्या बाजूने आहे. खोक्यातले सॉफ्टवेअर मरायला वर्षे लागत. जुना संगणक जपून, त्याचे इंटरनेट काढून, ते चालवत राहणे आपल्या हाती असे. आता निर्णय दूरच्या कचेरीत होतो आणि त्याच महिन्यात लागू होतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांचा हवाला देऊन अ‍ॅडोबीने व्हेनेझुएलातील सर्व खाती बंद करण्याची सूचना दिली होती. अमेरिकी सरकारची परवानगी मिळाल्यावर महिनाअखेरीस निर्णय मागे घेतला गेला. २०२२ मध्ये पँटोनच्या रंगसंचांचा करार बदलला आणि फोटोशॉपच्या जुन्या फाइलींतील काही रंग काळे दिसू लागले. मूळ रंग हवे असतील तर पँटोनची निराळी वर्गणी. फाइल आपली, रंग आपण निवडलेला, आणि तो पाहण्याचे भाडे तिसऱ्याला.

आपल्यापैकी अनेकजण मोडी शिकत आहेत. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद वाचायला मोडी यावी लागते, सराव लागतो, चांगला गुरू लागतो. कोणाची परवाना-क्रमांकाची चिठ्ठी लागत नाही, आणि कागद बनवणाऱ्याने धंदा बदलला म्हणून शाई पुसली जात नाही. १९९८ सालच्या एखाद्या दिवाळी अंकाची पेजमेकर फाइल वाचायला मात्र ते सॉफ्टवेअर, तो फाँट, तो डोंगल आणि ते सारे चालवणारी जुनी विंडोज, इतक्या जणांची एकाच वेळी गाठ पडावी लागते.

म्हणून भाडे किती, या वादात मला फारसा रस नाही. भांडायचे असेल तर फाइलीच्या स्वरूपासाठी भांडावे. याच अ‍ॅडोबीने पीडीएफ २००८ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून खुले केले, आणि आज ते उघडण्यासाठी अ‍ॅडोबीची गरज उरलेली नाही. इनडिझाइनमधून आयडीएमएल हे स्वरूप काढता येते. ते साध्या मजकुराच्या रचनेत असते आणि त्याची माहिती प्रसिद्ध आहे. फ्रीहँडच्या फाइलींचे तसे झाले नाही. त्या वाचण्याची रीत लिब्रेऑफिसशी संबंधित स्वयंसेवकांना फाइलींची चिरफाड करून शोधावी लागली.

ज्यांच्या घरी किंवा महाविद्यालयात जुन्या अंकांच्या तबकड्या पडल्या आहेत, त्यांनी त्या फेकण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात : सोबत फाँट आहेत का, छापील प्रत कोणाकडे आहे, आणि मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घेता येतो का. फाँट सापडत नसेल तर निदान छापील प्रतीची पाने स्कॅन करून ठेवावीत. जुळणी करणारे अनेकजण अजून आपल्यातच आहेत. कोणत्या वर्षी कोणता फाँट वापरला, हे त्यांना विचारून तबकडीवरच लिहून ठेवावे.