विश्लेषण : घर बदलताना पाळलेला साप सोबत नेता येतो का? कायदा काय सांगतो, काळजी कोणती?

नोकरी बदलली आणि पुण्याहून बंगळूरुला मुक्काम हलवायचा ठरला, तर सामान ट्रकमध्ये जाते आणि कुत्रा गाडीच्या मागच्या सीटवर बसतो. पण घरातल्या काचेच्या पेटीत बॉल पायथन असेल तर? हा बिनविषारी साप नीट सांभाळल्यास २० ते ३० वर्षे जगतो. त्यामुळे मालकाच्या आयुष्यात एखादे तरी स्थलांतर त्याच्या वाट्याला येतेच. या प्रवासात दोन गोष्टी निर्णायक ठरतात. एक कागदपत्रे, दुसरे तापमान. दोन्हींची तयारी निघण्यापूर्वीच करावी लागते.

कोणता साप पाळता येतो?

नाग, घोणस, धामण, अजगर, मांडूळ हे भारतात आढळणारे साप वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित आहेत. ते पकडणे, घरात ठेवणे किंवा दुसरीकडे नेणे हा गुन्हा आहे. 'बिनविषारी आहे', 'अंगणात सापडला', 'पिल्लू असल्यापासून वाढवला' ही कारणे चालत नाहीत. अजगरासारख्या अनुसूची १ मधील प्राण्याबाबत किमान ३ ते कमाल ७ वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

बॉल पायथन हा मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याचा समावेश आहे. २०२२ च्या दुरुस्तीने या करारातील प्रजाती भारतीय कायद्याच्या अनुसूची ४ मध्ये आल्या आणि ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. असा साप बाळगता येतो, मात्र त्याची नोंदणी बंधनकारक आहे.

नोंदणीचे नियम काय?

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जून २०२० मध्ये विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना स्वेच्छेने माहिती देण्याची संधी दिली होती. सहा महिन्यांत माहिती देणाऱ्यांकडे खरेदीचे कागद मागितले जाणार नव्हते. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये जिवंत प्राण्यांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम आले. त्यानुसार 'परिवेश २.०' या पोर्टलवर नोंदणी करायची होती आणि त्यासाठी सहा महिन्यांची मुदत होती. नव्याने प्राणी घेणाऱ्याला ३० दिवसांत नोंदणी करावी लागते. अर्ज राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. प्राण्याचे हस्तांतरण, जन्म आणि मृत्यू यांचीही माहिती द्यावी लागते.

शहर बदलताना मालक तोच राहतो, पण राज्य बदलते. त्यामुळे निघण्यापूर्वी महाराष्ट्राच्या वन विभागाला लेखी कळवणे, नव्या पत्त्याच्या नोंदीबाबत विचारणा करणे आणि त्या पत्रव्यवहाराची प्रत जवळ ठेवणे हिताचे. नोंदणी प्रमाणपत्र, खरेदीची पावती आणि सापाची अलीकडची छायाचित्रे छापील स्वरूपात सोबत असावीत.

कागदांवर एवढा भर का?

डिसेंबर २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाकडून ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक जप्त केले. बिस्किटे आणि केकच्या पाकिटांत ते लपवलेले होते. अशा तस्करीतला बॉल पायथन आणि घरात वाढलेला बॉल पायथन दिसायला सारखेच. नाक्यावर गाडी थांबवणाऱ्या कर्मचाऱ्याला त्यांतला फरक फक्त कागदावरून कळतो.

रस्ता, रेल्वे की विमान?

देशांतर्गत विमानांत पाळीव प्राण्यांची सोय असली, तरी ती प्रामुख्याने कुत्र्या-मांजरांसाठी आहे. साप न्यायचाच असेल तर मालवाहतूक विभागाची लेखी परवानगी आणि 'आयाटा'च्या जिवंत प्राण्यांविषयीच्या नियमांनुसार पेटी लागते. गर्दीच्या रेल्वे डब्यात किंवा बसमध्ये साप नेणे सहप्रवाशांच्या आणि सापाच्याही दृष्टीने अयोग्य. सामानाच्या बंद ट्रकमध्ये तापमानावर कोणाचेच नियंत्रण नसते. म्हणून स्वतःची वातानुकूलित गाडी हाच त्यातल्या त्यात सुरक्षित पर्याय.

पेटी कशी हवी?

प्रवासाआधी पाच ते सात दिवस सापाला खायला देऊ नये. पोटात भक्ष्य असताना हलवल्यास तो ते उलटून टाकतो आणि आजारी पडू शकतो. निरोगी प्रौढ साप तेवढे दिवस सहज उपाशी राहतो.

साप आधी घट्ट विणीच्या सुती पिशवीत ठेवावा, तोंड पिळून गाठ मारावी. ती पिशवी झाकण कुलूपबंद होईल अशा, हवेसाठी भोके पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवावी. मोकळ्या जागेत टॉवेल किंवा वर्तमानपत्र भरले की डबा हिंदकळला तरी साप आदळत नाही. एका पिशवीत एकच साप. पाण्याचे भांडे आत ठेवू नये, ते सांडून पिशवी ओली होते. डब्यावर 'जिवंत साप, बिनविषारी' असे लिहून मालकाचा फोन क्रमांक द्यावा.

खरा धोका कशाचा?

उष्णतेचा. साप शरीराचे तापमान स्वतः राखू शकत नाही आणि पिशवीत त्याला सावलीकडे सरकताही येत नाही. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतील तापमान दहा मिनिटांत सुमारे १० अंशांनी चढते. पुणे-बंगळूरु हे अंतर साधारण ८४० किलोमीटर आहे. साताऱ्यापुढे जेवायला थांबताना साप गाडीत ठेवून सगळ्यांनी उतरणे जीवघेणे ठरू शकते. गाडीत २५ ते २८ अंश सेल्सियस तापमान पुरेसे. एसीचा झोत थेट डब्यावर नको, डबा डिकीतही नको. शक्यतो पहाटे निघावे. 'बघू या ठीक आहे का' म्हणून वाटेत पिशवी सोडू नये, साप निसटण्याची भीती तेव्हाच सर्वाधिक असते. प्राण्याला विनाकारण यातना होतील अशी वाहतूक हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसारही गुन्हा आहे.

नव्या घरी आधी त्याची पेटी लावून तापमान स्थिर करावे, मगच साप सोडावा. पाणी लगेच द्यावे, खाणे मात्र आठवडाभराने. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण सापांपासून साल्मोनेलाचा संसर्ग होऊ शकतो.

नोंदणीच नसेल तर?

तर साप हलवण्याआधी वन विभागाशी संपर्क साधावा, गरज वाटल्यास वकिलाचा सल्ला घ्यावा. नेणे जमत नाही म्हणून टेकडीवर किंवा ओढ्याकाठी सोडून देणे हा सर्वांत वाईट पर्याय. पाळीव विदेशी साप तिथे बहुधा तगत नाही. आणि तगला तर काय होते, ते अमेरिकेतील फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समध्ये दिसते. पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून पोहोचलेल्या बर्मी अजगरांनी तिथल्या सस्तन प्राण्यांची संख्या प्रचंड घटवली आहे. साप घेतानाच पुढच्या २० वर्षांत तो कुठे आणि कसा राहील, याचा विचार म्हणूनच करायला हवा.