सुचत नाही? मग समुद्रावर जा!

"काही सुचतच नाही यार!" शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला हॉस्टेलच्या कुठल्याही मजल्यावर जा, हे वाक्य ऐकू येणारच. मग प्रोजेक्टचा विषय येतो कुठून? सिनियरच्या जुन्या रिपोर्टमधून, 'रेडीमेड प्रोजेक्ट'वाल्या दुकानातून, आणि हल्ली चॅटबॉटकडून. विषय मिळतो, मार्कही मिळतात. पण चार वर्षांत स्वतःचा म्हणावा असा एक प्रश्नही आपल्याला पडू नये, ही मला गंभीर गोष्ट वाटते. त्यावर माझा उपाय साधा आहे. एक दिवस समुद्रावर काढा.

हसू नका! 'समुद्रावर कवी जातात, इंजिनिअर नाही,' असं आमच्या विंगमध्येही काहीजण म्हणालेच. पण मित्रांनो, १९२१ साली सी. व्ही. रामन इंग्लंडहून बोटीने परत येत होते. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, हे लॉर्ड रॅले यांचं म्हणणं तेव्हा मान्य होतं. रामन यांनी निकोल प्रिझममधून ते प्रतिबिंब वगळून पाहिलं, तरी पाणी निळंच! तिथून सुरू झालेलं काम १९२८ च्या रामन इफेक्टपर्यंत आणि १९३० च्या नोबेलपर्यंत पोचलं. बोटीवर इतर प्रवासीही होतेच की. निळा रंग त्यांनाही दिसलाच असणार.

आता तुम्ही म्हणाल, कुठे रामन आणि कुठे आपण! ठीक आहे, अलिबागचं बोलू. गेल्या डिसेंबरात आम्ही चौघे एसटीने तिथे गेलो होतो. ओहोटी असल्याने कुलाबा किल्ल्यात चालतच जाता आलं. ओल्या वाळूवर पाय दाबला की पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी, पांढरट होते. हे आपण लहानपणापासून बघतो. पण दाबल्यावर पाणी वर यायला हवं ना? मग ते जातं कुठे? आमच्यातला सिव्हिलवाला तिथेच अडला. अर्धा तास नुसता पाय आपटत होता, येणारे-जाणारे बघत होते! परत आल्यावर शोधलं, तर ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८५ मध्येच उत्तर दिलेलं. घट्ट बसलेले कण दाबाने एकमेकांवर चढतात, मधल्या फटी वाढतात आणि वरचं पाणी त्यांत उतरतं. हाच तो रेनॉल्ड्स, ज्याचा नंबर आपण फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरसाठी घोकतो.

पुढे किल्ल्याचा तट. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये या किल्ल्याचं काम सुरू केलं, ते संभाजी महाराजांनी पुरं केलं. तटाचे मोठमोठे चिरे चुना न भरता एकमेकांवर रचलेत. लाट आदळली की पाणी फटींमध्ये शिरतं आणि माऱ्याचा जोर कमी होतो. मुंबईत मरीन ड्राइव्हला जे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे दिसतात, ते टेट्रापॉड १९५० मध्ये फ्रान्समध्ये तयार झाले. त्यांचंही तत्त्व हेच. पाण्याला एकदम अडवायचं नाही, फटींतून वाट देऊन दमवायचं.

आमचा प्रोजेक्ट तिथेच ठरला. हायड्रॉलिक्स लॅबच्या फ्ल्यूममध्ये दोन छोट्या भिंती, एक सिमेंटने बांधलेली, एक नुसती रचलेली. फळी हलवून लाटा करायच्या आणि पाणी कुठे किती उंच उडतं ते मोजायचं. विषय जगाला नवा नसेल, पण आमचा आहे. म्हणून तर रात्री दोन वाजेपर्यंत त्यावरून रूमवर भांडणं चालतात.

'हे कॅम्पसमध्ये नाही का सुचणार?' सुचेलही. पण इथे प्रॅक्टिकलच्या आधीच जर्नलमध्ये उद्देश, साहित्य, निष्कर्ष सगळं उतरवून झालेलं असतं. किनाऱ्यावर उद्देश कुणी लिहून ठेवलेला नसतो. शिवाय भरतीची ओहोटी व्हायला सुमारे सहा तास लागतात, तुमच्या घाईने काही होत नाही. मोबाइल बॅगेत टाकून बसलात, की तासाभरात कंटाळा येतो. तो येऊ द्या. त्यानंतरच माणूस समोरच्या गोष्टीकडे नीट बघायला लागतो, असा माझा तरी अनुभव आहे.

सर आणि मॅडम, तुम्हालाही एक विनंती. इंडस्ट्रियल व्हिजिटचा रिपोर्ट बसमध्येच कसा 'तयार' होतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. वर्षातून एक दिवस आम्हाला किनाऱ्यावर न्या आणि रिपोर्ट मागूच नका. प्रत्येकाकडून फक्त एक प्रश्न मागा, स्वतः बघून पडलेला. निम्मे प्रश्न बाळबोध निघतील, चालेल. उरलेल्यांतून पुढच्या वर्षीचे प्रोजेक्ट निघतील.

आणि दोस्तांनो, कॉलेज नेईल तेव्हा नेईल, तुम्ही एखादा रविवार काढाच. पोहायच्या भानगडीत पडू नका. किल्ल्यात जायचं असेल तर भरतीची वेळ आधी विचारून घ्या, नाहीतर परतताना होडी शोधत बसाल. बघा पटतंय का!