केसपेपर कोणासाठी?

सार्वजनिक रुग्णालयांतील नोंदी संगणकावर घ्याव्यात की नाही, हा वाद आता मिटल्यात जमा आहे. पण त्या नोंदी कोणाच्या उपयोगासाठी घ्यावयाच्या, हा त्याहून मूलगामी प्रश्न आपण अद्याप धसास लावलेला नाही. दफ्तर सांभाळण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. जमाखर्चाचा ताळेबंद, हजेरीपट, औषधांच्या साठ्याची आवकजावक, महिनाअखेर वरच्या कचेरीस रवाना करावयाचा तक्ता, हे सारे बिनचूक ठेवण्याचा आमच्या कारकुनी व्यवस्थेस सराव आहे. आणि म्हणूनच दवाखान्यात संगणक आला की तो प्रथम केसपेपरच्या खिडकीवर आणि बिलाच्या टेबलावर स्थानापन्न होतो. ज्या खोलीत डॉक्टर रुग्णाची नाडी पाहतात तेथे तो सर्वांत शेवटी पोचतो, आणि पोचला तरी माहिती मागत राहतो, देत मात्र काहीच नाही.

तो काय देऊ शकतो, याचा दाखला पुष्कळ जुना आहे. अमेरिकेतील डॉ. क्लेमेंट मॅकडॉनल्ड यांनी १९७६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. रक्तदाब वाढला असता, अथवा चालू औषधाने यकृतास अपाय होण्याचा संभव असता काय करावे, अशा नित्याच्या प्रसंगांविषयीचे ३९० नियम त्यांनी संगणकास घालून दिले. आणि त्या नियमांनुसार निघालेल्या सूचना नऊ डॉक्टरांना काही काळ पुरविल्या, काही काळ पुरविल्या नाहीत. सूचना हाती असताना या डॉक्टरांनी ५१ टक्के प्रसंगी योग्य ती दखल घेतली. त्या नसताना हेच प्रमाण २२ टक्क्यांवर राहिले. डॉक्टरांचे प्रशिक्षण किती झाले आहे, याने या आकड्यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही, हा या प्रयोगातील सर्वांत मननीय भाग होय. यांतल्या पुष्कळशा चुकांचे मूळ हयगयीत अथवा अज्ञानात नसून एका मनुष्याच्या मनात एका वेळी किती तपशील मावू शकतो याच्या मर्यादेत आहे, असे अनुमान मॅकडॉनल्ड यांनी काढले. आपल्याकडे रुग्णाच्या बाबतीत काही विपरीत घडले की चौकशी समिती बसते, जबाब नोंदले जातात, कोणा निवासी डॉक्टरावर वा परिचारिकेवर ठपका येतो आणि प्रकरण दाखल दफ्तर होते. त्या मनुष्यासमोर त्या क्षणी कोणती माहिती असावयास हवी होती आणि ती का नव्हती, हा प्रश्न त्या समितीच्या कार्यकक्षेतच बसत नाही.

अर्थात सूचना देऊनही जवळजवळ निम्मे प्रसंग सुटलेच, हे विसरून चालणार नाही. आणि पुढील काळात जेथे यंत्रांनी प्रत्येक औषधामागे इशारा देण्याचा सपाटा लावला, तेथे डॉक्टर न वाचताच इशारे बंद करू लागले, हाही अनुभव जगभर आला आहे.

गेल्या पावसाळ्यात एका सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एका तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याशेजारी काही वेळ बसण्याचा योग आला. साठीची एक बाई गुडघ्यांच्या दुखण्यासाठी आली होती, मधुमेह जुना. तिने प्लॅस्टिकच्या पिशवीची गाठ सोडून आपले सारे कागद टेबलावर मांडले: घडीवर फाटलेले डिस्चार्ज कार्ड, दोन निरनिराळ्या औषधदुकानांच्या पावत्या, आणि ईसीजीची एक पट्टी, जिच्यावरील रेघा इतक्या विटल्या होत्या की कागद कोराच वाटावा.

“मावशी, किडनीची तपासणी झाली होती का कधी?”

“झाली हुती की. पर त्यो कागद त्या दवाखान्यानं ठिवून घेतला, साहेब.”

अशा रुग्णाचे मूत्रपिंड अधू असेल तर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या त्याला आणखी अधू करतात. म्हणून त्या अधिकाऱ्याने सौम्य औषध लिहून तपासणी पुन्हा सांगितली, आणि बाईला पुन्हा एक दिवसाची मजुरी व एसटीचे जाण्यायेण्याचे भाडे सोसणे आले. त्याचे काही चुकले नाही. चुकले ते त्या व्यवस्थेचे, जिच्यात ही तपासणी होऊनही डॉक्टरपुढे नव्हती.

वस्तुतः २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यास त्याची कागदपत्रे ७२ तासांच्या आत देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. आरोग्यनोंदींची प्रमाणके केंद्र सरकारने २०१३ मध्ये ठरविली व २०१६ मध्ये सुधारली. ती राबविण्यास साह्य करणारे राष्ट्रीय केंद्र आपल्या पुण्यातच, सी-डॅकमध्ये आहे. २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू असून त्यातील चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक वाटण्याचे काम धडाक्याने चालले आहे. परंतु क्रमांक मिळाला म्हणजे नोंद मिळाली, असे नव्हे. त्या क्रमांकाशी पूर्वीचे रुग्णालय आपला अहवाल जोडील तेव्हाच त्या बाईची पिशवी हलकी होईल. नोंद एकवटली की तिच्या रक्षणाची जोखीमही एकवटते. दिल्लीच्या एम्सवर नोव्हेंबर २०२२ मध्ये सायबर हल्ला झाला आणि देशातील त्या अग्रगण्य संस्थेस कित्येक दिवस कागदावर कारभार हाकावा लागला, हा धडा ताजा आहे.

छत्तीसगडातील बिलासपूरनजीक गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोग ही संस्था गोरगरिबांसाठी रुग्णालय चालविते. आफ्रिकेतील अनेक दवाखान्यांत रुळलेल्या ‘ओपनएमआरएस’ या मुक्त प्रणालीच्या पायावर उभारलेली ‘बाह्मनी’ ही प्रणाली याच रुग्णालयाच्या गरजांतून आकारास आली, आणि आज ती इतर देशांतही वापरली जाते. मंत्रालयातून उतरलेल्या नमुन्याऐवजी तपासणीच्या खोलीतील अडचणीपासून आरंभ केला म्हणजे काय साधते, याचे हे उदाहरण आमच्या आरोग्य खात्याने जवळून अभ्यासावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

तोवर दोन गोष्टी तरी विनाविलंब व्हाव्यात. उपकेंद्रातील परिचारिका एकाच गरोदर स्त्रीचे वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन आधी रजिस्टरात लिहिते आणि मग तेच रात्री घरी बसून, रेंज मिळेल तेव्हा, ऑनलाइन भरते. ही दुहेरी हमाली शासनाने लेखी आदेश काढून बंद करावी. आणि तिने भरलेले ते आकडे जिल्ह्याच्या तक्त्यात बेरजेस जाण्यापूर्वी, त्या स्त्रीच्या पुढच्या तपासणीच्या वेळी, मागील तिन्ही भेटींच्या आकड्यांसह, त्याच परिचारिकेच्या पडद्यावर सर्वांत वर दिसावेत. हिमोग्लोबिन उतरत चालले असेल तर ते तिला कोणी विचारण्याआधी कळावे.