म्हातारपणची पुंजी आणि हाताशी असलेला पैसा

फ्रीगंजात टॉवर चौकाच्या आसपास दुकानांत, दवाखान्यांत व शिकवणीवर्गांत नोकरी करणारी तरुण मंडळी पुष्कळ आहेत. देवास रस्त्याच्या कारखान्यांत जाणारीही थोडीथोडकी नाहीत. त्यांच्याकडून आम्हांस वारंवार एकच प्रश्न येतो: "फादर, पगारातून पीएफ कापतात आणि हाती थोडे उरते. नोकरी बदलताना ती रक्कम काढून घेतली तर काय बिघडले?" घरची वडील मंडळी याच्या अगदी उलट सांगतात. त्यांच्या मते मिळेल तो पैसा साठीपर्यंत कुलुपात गेला पाहिजे.

भविष्य निर्वाह निधीची योजना 1952 च्या कायद्याने आली. सर्वसाधारणपणे वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांस ती लागू होते. मूळ पगार 15,000 रुपये धरला, तर कामगाराचे 12 टक्के म्हणजे 1,800 रुपये कापले जातात व मालक तितकेच घालतो. मालकाच्या रकमेतील सुमारे 1,250 रुपये निवृत्तिवेतनाकडे वळतात. उरलेले 550 तुमच्या खाती पडतात. 2024-25 या वर्षी त्यावर 8.25 टक्के व्याज होते. बचत खात्यात इतके व्याज कोठे मिळावयाचे?

आता पंचविशीतल्या तरुणाने नोकरी सोडताना 50,000 रुपये काढले असे समजू. तीच रक्कम आठ टक्क्यांनी पस्तीस वर्षे राहिली असती, तर साठाव्या वर्षी सुमारे 7 लाख 39 हजार झाली असती. दरम्यान महागाईही वाढणार; ती वर्षाला पाच टक्के धरली, तरी आजच्या सुमारे 1 लाख 34 हजारांचे मोल हाती येते. आकडा डोळे दिपविणारा नाही, हे आम्ही कबूल करतो. पण मोबाईल किंवा मोटारसायकलीपायी तो गमवावा इतका लहानही नाही. शिवाय सलग पाच वर्षे नोकरी होण्यापूर्वी रक्कम काढल्यास करही लागू शकतो. नोकरी बदलली तरी यूएएन क्रमांक तोच राहतो. जुने खाते नव्या नोकरीत वळवून घ्यावे.

हा निधी मालकाच्या तिजोरीत राहत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. याचे महत्त्व माळव्यातील गिरणी कामगारांस कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. इंदूरची हुकुमचंद मिल 1990 च्या दशकाच्या आरंभी बंद पडली. कामगारांच्या थकलेल्या हक्काच्या रकमेचा सुमारे 224 कोटी रुपयांचा धनादेश 25 डिसेंबर 2023 रोजी, नाताळच्या दिवशी, देण्यात आला. तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता, आणि कित्येक घरांत पैसे घेण्यास वारसच उरले होते. पैसा हक्काचा होता, पण मुलांच्या शाळेच्या वेळी, आजारपणाच्या वेळी तो घरात नव्हता. आमच्या उज्जैनच्या विनोद मिलचा भोंगाही केव्हाच थांबला आहे. तेथील जुन्या कामगारांच्या घरी विचारावे, पगार बंद झाल्यावर पहिले सहा महिने कसे काढले.

म्हणूनच सारे काही कुलुपात घालण्याचा वडीलधाऱ्यांचा सल्लाही आम्हांस पुरा पटत नाही. पीएफ आपोआप कापला जातो, तो जाऊ द्यावा. परंतु त्याखेरीज जास्तीची रक्कम दीर्घ मुदतीत अडकविण्यापूर्वी निदान चार-सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी असावा. तो बँकेच्या मुदत ठेवीत ठेवला, तर अडचणीच्या दिवशी थोडे व्याज सोडून मोडता येतो. पोस्टाचे आवर्ती खाते चांगले, पण ते पाच वर्षांचे असते आणि तीन वर्षांच्या आत बंद करता येत नाही; अडीअडचणीचा पैसा तेथे नसावा. ही पुंजी नसली की आईच्या बांगड्या गहाण पडतात, आणि ते व्याज पीपीएफच्या व्याजाहून अधिक असते!

ज्या दुकानांत चारपाचच नोकर आहेत, तेथे पीएफ बहुधा नसतो. अशांनी पुंजी उभी राहिल्यावर पीपीएफ खाते उघडावे. मुदत पंधरा वर्षांची, वर्षाला कमीत कमी 500 रुपये. तिसऱ्या ते सहाव्या वर्षात त्यावर कर्ज मिळते, सातव्या वर्षापासून काही रक्कम काढता येते. केवळ कर वाचावा म्हणून मार्चअखेरीस त्यात पैसे ओतण्याची रीत अजून चालू आहे. पण नव्या करपद्धतीत तशी वजावट मिळत नाही, हे अनेकांच्या ध्यानीच नसते. पैसे भरावयाचे तर महिन्याच्या 5 तारखेपर्यंत भरावेत. 5 तारीख ते महिनाअखेर या काळातील कमीत कमी शिलकीवर व्याज मोजतात. सहाव्या दिवशी भरलेल्या पैशास त्या महिन्याचे व्याज नाही.